डिझेल अर्टिगा : सीट सात, आराम किती जणांना?

सात सीटची गाडी घ्यायची म्हटली की घरात पहिला प्रश्न ॲव्हरेजचा आणि दुसरा डिकीचा. तिसऱ्या रांगेत कोण बसणार हा प्रश्न निघतच नाही. तिथे बसणारी मंडळी म्हणजे शाळकरी पोरं, नाहीतर एखादा बिनलग्नाचा काका. शोरूममध्ये त्यांना विचारतो कोण! पण मित्रांनो, डिझाइनरची खरी परीक्षा तिथेच असते. म्हणून 2012 साली आलेली पहिली मारुती सुझुकी अर्टिगा आपण मागच्या सीटवरून तपासू.

गाडीची लांबी 4265 मि.मी., व्हीलबेस 2740. त्याच काळातल्या इनोव्हाची लांबी साधारण 4.6 मीटर, व्हीलबेस 2750. म्हणजे लांबीत फूटभर फरक, पण व्हीलबेसमध्ये फक्त 10 मि.मी.! हे जमलं कसं? इनोव्हाचे इंजिन उभे, खाली लॅडर फ्रेम आणि ताकद मागच्या चाकांना. अर्टिगाचे इंजिन आडवे, बॉडी मोनोकॉक आणि ताकद पुढच्या चाकांना. प्रॉपेलर शाफ्टच नाही, त्यामुळे फ्लोअर खाली ठेवता आला. पण फूटभर लांबी कापली तर ती कुणाच्या तरी वाट्यातून जाणारच. सातही सीट उभ्या असताना डिकी उरते 135 लिटर, आणि तिसरी रांग जवळजवळ मागच्या ॲक्सलवरच येते.

ॲक्सलवर बसण्याचे दोन परिणाम होतात. पहिला पायांचा. सस्पेन्शनला जागा द्यायची म्हणून तिथला फ्लोअर वर घ्यावा लागतो. छत तेवढं वर नेता येत नाही. मग सीट आणि टाच यांच्यातली उंची कमी होते. माणसाचे धड आणि मांडी जिथे वळते त्याला एच-पॉइंट म्हणतात. टाचेपासून हा बिंदू जितका खाली, तितके गुडघे वर. मांडी गादीवरून उचलली जाते आणि सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. अर्ध्या तासात मुंग्या! (मेसच्या बुटक्या बाकावर बसून परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) दुसरी रांग 240 मि.मी. पुढेमागे सरकते ही सोय चांगलीच आहे, पण त्यामुळे जागा वाढत नाही, फक्त वाटणी बदलते.

दुसरा परिणाम धक्क्यांचा. मागचे चाक 30 मि.मी. उचलले गेले तर व्हीलबेसच्या मध्यावर बसलेला माणूस साधारण 15 मि.मी. उचलला जातो, ॲक्सलवरचा पूर्ण 30. साधा लिव्हर आहे. त्यात ओझ्याची भर. रिकामी डिझेल अर्टिगा सव्वाबाराशे किलोच्या आसपास. 65 किलोची सात माणसं म्हणजे 455 किलो, गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त! त्यातलं बरंचसं मागच्या स्प्रिंगवर.

आता एक गणित करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. एकटा ड्रायव्हर असताना मागच्या स्प्रिंगवर 450 किलो, भरल्या गाडीत 750. रिकामी असताना फ्रीक्वेन्सी 1.6 हर्ट्झ धरली तर दोन्ही स्प्रिंग मिळून स्टिफनेस येतो सुमारे 45,500 न्यूटन प्रति मीटर. भरल्यावर फ्रीक्वेन्सी 1.24 हर्ट्झ. वा, गाडी मऊ झाली! पण तेवढ्यात ती 65 मि.मी. खाली बसलेली असते. बंप स्टॉपपर्यंतचा बराच प्रवास खड्डा येण्याआधीच संपला. शिवाय डॅम्पर तोच असल्याने डॅम्पिंग रेशो 0.30 वरून 0.23 वर येतो, म्हणजे गाडी जास्त वेळ हेलकावत राहते. स्प्रिंग कडक केली तर? मग रोज ऑफिसला एकट्याने जाणारा मालक वैतागणार. पैसे तो देतो, त्यामुळे तडजोड कोणाच्या बाजूने झुकते ते उघड आहे.

इंजिनाचं थोडक्यात. 1248 सी.सी., 90 पी.एस., आणि 1750 आर.पी.एम.लाच 200 न्यूटन-मीटर टॉर्क. भरल्या गाडीला घाटात हाच टॉर्क कामाला येतो. मूळ डिझाइन फियाटच्या मल्टिजेटचे. एका सायकलमध्ये डिझेल पाच वेळापर्यंत थोडं थोडं सोडता येतं, त्यामुळे सिलिंडरमधला दाब एकदम चढत नाही आणि टकटक कमी होते. 2012 मध्ये मारुतीने आपल्या रांजणगावच्या फियाट कारखान्यातूनही ही इंजिने घेण्याचा करार केला होता. एप्रिल 2020 मध्ये बी.एस.-6 लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्यात डिझेल अर्टिगाही गेली.

त्याआधी, 2018 च्या शेवटी, दुसरी अर्टिगा आली होती. लांबी 130 मि.मी. वाढून 4395 झाली, व्हीलबेस मात्र तोच, 2740. डिकी 135 वरून 209 लिटर.

ही वाढ काकांच्या गुडघ्यांपर्यंत किती पोचली हे घरी बसूनही तपासता येतं. दोन्ही पिढ्यांच्या गाड्या गल्लीत सापडतीलच. दुसऱ्या रांगेत सहा फुटी मित्राला त्याच्या सोयीने बसवा, सीट हलवू देऊ नका आणि तुम्ही मागे जा. टेपने तीन मापं घ्या : टाचेपासून सीटची उंची, गुडघा ते पुढची सीट, डोकं ते छत. मग मागचा टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट दोनदा मोजा, एकदा गाडी रिकामी असताना, एकदा सातजण बसल्यावर. वरच्या गणितातल्या 65 च्या जागी तुमचा आकडा घाला.