ठसा, शाई आणि कागद

शुभेच्छापत्रे व चिकटवह्या सजविण्यासाठी रबरी ठसे वापरतात. दुकानात सुंदर चित्राचा ठसा दिसला की मन त्याच्याकडेच धावते. परंतु चित्र चांगले उमटणे हे ठसा, शाई आणि कागद या तिघांच्या मेळावर अवलंबून असते.

मूळचे रबर उष्णतेने चिकट व थंडीने ठिसूळ होई. इ. स. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला असे आढळले की, रबरात गंधक मिसळून तापविल्यास ते टिकाऊ व लवचिक होते. अशा रबराचे ठसे होऊ लागले. ठशाच्या उंच भागालाच शाई लागते. म्हणून ज्याच्या रेषा स्पष्ट व पुरेशा उठावदार असतील, तोच ठसा घ्यावा.

शाईचे मुख्य प्रकार दोन. एकीत रंग विरघळलेला असतो. ती कागदात मुरते व लवकर वाळते. दुसरीत रंगाचे सूक्ष्म कण असतात. ती कागदाच्या पृष्ठभागावर राहते व उशिरा वाळते, पण तिचा रंग सहसा अधिक टिकतो. चकचकीत कागदावर ही शाई वापरली, तर हात लागताच चित्र पसरते.

छायाचित्रांच्या चिकटवहीसाठी आम्लरहित कागद निवडावा. आम्लयुक्त कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो.

पैसे थोडे असल्यास पाच ठशांऐवजी एक चांगला ठसा, एक स्टॅम्प पॅड व त्यांना साजेसा कागद घेणे शहाणपणाचे. त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी ठसा उमटवून पाहणाऱ्यास मागाहून पस्तावावे लागत नाही.