मोजकीच पुस्तकं, पण कोणती?

प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामात नव्यानं आलेला माणूस आधी पुस्तकांची यादी मागतो, आणि त्याला ती लगेच मिळतेही. पंचवीस-तीस नावं, बहुतेक अमेरिकेत लिहिलेली आणि बहुतेक यशस्वी कंपन्यांची थोरवी सांगणारी. या कामात राहून माझं ठाम मत झालं आहे, की अशी यादी नव्या माणसाला जड जाते. तो दुसऱ्यांची उत्तरं पाठ करतो आणि रोडमॅपच्या मीटिंगमध्ये ती आपल्या प्रश्नावर चिकटवतो. म्हणून पुस्तक निवडताना एकच कस लावावा. हे पुस्तक एखादी कंपनी का जिंकली हे सांगतं, की माणसं, टीम आणि वस्तू कशा वागतात हे सांगतं? पहिल्या प्रकारातली बहुतेक पुस्तकं खुशाल बाजूला ठेवावीत. दुसऱ्या प्रकारातली चार-पाच पुरतात.

हे मत टोकाचं वाटेल, पण त्याला पुरावा आहे. जिम कॉलिन्सचं ‘गुड टू ग्रेट’ 2001 साली आलं. हजाराहून जास्त कंपन्या चाळून त्यानं 11 निवडल्या आणि त्या थोर का झाल्या याची सूत्रं मांडली. त्यांतल्या सर्किट सिटीनं 2008 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. कॉलिन्सच्या बाजूनं कुणी म्हणेल की त्यानं तुलनेसाठी थोर न झालेल्या कंपन्याही तपासल्या होत्या. खरं आहे. पण फिल रोझेनझ्वाइगनं 2007 मधल्या ‘द हेलो इफेक्ट’मध्ये या पद्धतीचं नेमकं दुखणं दाखवलं आहे. कंपनी जिंकली की वर्तमानपत्रं आणि तिचेच अधिकारी तिच्या नेतृत्वाची, शिस्तीची तारीफ करतात. तीच कंपनी हरली की त्याच स्वभावाला हट्टीपणा म्हणतात. अशा मुलाखती आणि कात्रणं हाच कच्चा माल असेल, तर तुलना कितीही काटेकोर करा, निकालाचा रंग त्यात आधीच मिसळलेला असतो. बिझनेसच्या शेल्फवरचं कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी हा मुद्दा समजून घ्यावा.

आता जी ठेवावीत ती. पहिलं डॉन नॉर्मनचं ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’, 1988 चं. घ्यायची ती 2013 ची सुधारित आवृत्ती. वापरणारा चुकला तर आधी वस्तूची रचना तपासा, आणि माणसानं काही केलं की त्याचं उत्तर वस्तूनं लगेच, कळेल असं द्यावं, हे त्यातलं सांगणं ॲपलाही तितकंच लागू पडतं. वडापावच्या गाडीवरचा साउंडबॉक्स बघा. विक्रेत्याचे हात पिठात, समोर गर्दी. पैसे आले की नाही हे बघायला फोन उचलणं त्याला परवडत नाही, आणि गिऱ्हाईक तर स्क्रीन दाखवून चालू पडलेलं असतं. डबा मोठ्यानं रक्कम सांगतो आणि विषय संपतो. पैसे खात्यात जमा करण्याची सोय आधीपासून होती. ते जमा झाल्याचं कळण्याची सोय या डब्यानं केली. नॉर्मन वाचलेल्या माणसाला ही उणीव दिसते. न वाचलेला आणखी एक नोटिफिकेशन काढतो.

दुसरं फ्रेड ब्रुक्सचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’. आयबीएमच्या ओएस/360 चं काम सांभाळलेल्या माणसानं 1975 मध्ये लिहिलेलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की उशीर वाढतो, हे त्यातलं प्रसिद्ध निरीक्षण. कारण साध्या गणितात आहे. पाच जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या 10 जोड्या होतात, दहा जणांच्या टीममध्ये 45, आणि प्रत्येक जोडीत काहीतरी समजावून सांगावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक आज कशाला, एआय कोड लिहून देतो की, असा आक्षेप हमखास येतो. मला तर एआयमुळे हे पुस्तक जास्त गरजेचं वाटतं. 1995 च्या आवृत्तीत ब्रुक्सचा 1986 मधला ‘नो सिल्व्हर बुलेट’ हा निबंधही आहे. हत्यारं सुधारली की लिहिण्याचे कष्ट कमी होतात, पण नेमकं काय बनवायचं हे ठरवण्याचे कष्ट तसेच राहतात, असं तो तिथे मांडतो. उरलेले हे कष्टच प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी आहे.

ते ठरवायचं तर लोकांशी बोलावं लागतं आणि तिथे रॉब फिट्झपॅट्रिकचं ‘द मॉम टेस्ट’ (2013) हाताशी असावं. दीडशे पानांच्या आतबाहेरचं पुस्तक, सांगायचं तेवढंच सांगणारं. उधारीच्या ॲपबद्दल किराणा दुकानदाराला ‘काका, असं ॲप असेल तर वापराल का?’ असं विचारलं, तर ‘हो हो, चांगलं आहे की’ असंच उत्तर येणार. त्यात सौजन्य आहे, माहिती काहीच नाही. ‘काल उधारी कुठे लिहिलीत? ती वही दाखवता का? मागच्या महिन्यात कुणाचे पैसे बुडाले?’ असं विचारलं की खरं कळतं. कदाचित बुडणारी उधारी हा त्यांचा प्रश्नच नसतो. ती मागताना येणारा संकोच असतो. मग ॲपही वेगळं होतं.

चौथं अँडी ग्रोव्हचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ (1983). ओकेआरचं, म्हणजे उद्दिष्टं आणि त्यांचे मोजता येणारे निकाल ठरवण्याच्या पद्धतीचं, वेड लागलेल्यांनी जॉन डोअरच्या आधी ग्रोव्ह वाचावा. डोअरनं 1999 मध्ये गूगलला दिलेली ही पद्धत इंटेलमध्ये ग्रोव्हकडूनच घेतली होती. मूळ कारण कळलं की नक्कल करावी लागत नाही. मॅनेजरचं काम मोजताना ग्रोव्ह त्याच्या टीमबरोबर, ज्या शेजारच्या टीम्सवर त्याचा प्रभाव पडतो त्यांचंही काम धरतो. हाताखाली एकही माणूस नसलेल्या प्रॉडक्ट मॅनेजरचं सगळं काम या दुसऱ्या भागातच येतं.

मग इंटरव्ह्यूचं काय? तिथली भाषा तर हल्लीच्या पुस्तकांची असते. हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी मार्टी केगनचं ‘इन्स्पायर्ड’ घ्यावं, तेही दुसऱ्या आवृत्तीतलं. लोकांना हवं आहे का, वापरता येईल का, बांधता येईल का, धंद्याला झेपेल का, ही त्याची चार जोखमींची मांडणी कामाची आहे. फक्त त्यातली टीम आपलं आपण ठरवणारी आहे. हिंजवडीतल्या अनेक टीम्सचा रोडमॅप सातासमुद्रापलीकडे ठरतो. हा फरक लक्षात ठेवला नाही, तर पुस्तक वाचून पदरी नुसती चिडचिड येते.

राहता राहिला आपल्याकडचा प्रश्न. ही पाचही पुस्तकं परदेशी. साधा फोन वापरणारं गिऱ्हाईक त्यांत सापडत नाही. रिझर्व्ह बँकेनं मार्च 2022 मध्ये यूपीआय 123पे आणलं ते अशाच लोकांसाठी, कॉल करून किंवा मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवता यावेत म्हणून. ही गरज पुस्तकात सापडत नाही हे कबूल. पण ‘काल पैसे कसे पाठवलेत?’ असं बाजारात चार जणांना विचारलं असतं तर सापडली असती. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं असं, की सुरुवात फिट्झपॅट्रिकपासून करा, आणि पुस्तक अर्धं झालं की ते बाजूला ठेवून दहा गिऱ्हाइकांना भेटून या. उरलेलं अर्धं त्यानंतर वाचा.