गिटारचा स्पीकर बदलताना

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक वा दंडार रंगते. पुढे महाविद्यालयांची स्नेहसंमेलने येतात. अशा वेळी गिटारच्या अॅम्प्लिफायरचा स्पीकर फाटला, तर मिळेल तो आणून बसविण्याचा मोह होतो. तो महागात पडतो.

प्रथम ओहम पाहावेत. विजेच्या प्रवाहाला स्पीकर जो विरोध करतो, त्याचे हे माप होय. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर एकूण ४, एकसर जोडले तर १६ ओहम होतात. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या किमान आकड्याखाली गेल्यास प्रवाह वाढून तो जळू शकतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला जुळणाराच आकडा हवा. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहमच दाखवितो. तो बिघाड नव्हे.

नंतर वॅट. स्पीकर किती शक्ती सोसेल एवढेच वॅट सांगतात. आवाज किती निघेल, हे डेसिबलच्या आकड्यावरून कळते. ९७ डेसिबलच्या स्पीकरला १०० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यास दुप्पट शक्ती लागते.

शेवटी जात. गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर मंद पडतो. त्यामुळे तारांचा कर्कशपणा झाकतो. भाषणाच्या स्पीकरवर तीच गिटार बोचरी वाटते.

म्हणून दुकानात जाताना फाटका स्पीकर सोबत न्यावा आणि अॅम्प्लिफायरवरील आकडे वहीत टिपून घ्यावेत.