मुलांचा शालेय प्रकल्प आणि तहकीकची शिकवण

आपल्या घरात पहिली ते पाचवीत शिकणारे मूल असेल तर ‘प्रकल्प’ हा शब्द आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय यांच्या जोडीला प्रकल्पालाही गुण मिळू लागले. मुलाने एखादा प्रश्न हाती घ्यावा, परिसरात हिंडून, माणसांना विचारून, वस्तू मोजून त्याचे उत्तर शोधावे आणि ते आपल्या शब्दांत मांडावे, असा त्यामागचा हेतू होता. हेतू उत्तम होता. आपल्या घरांत मात्र काय घडते ते आपण जाणतोच. वही द्यावयाच्या आदल्या रात्री इशानंतर अब्बांच्या मोबाइलवर विषय टाकला जातो, पहिल्या पानावरचा मजकूर नुक्कडच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून येतो, स्टेशनरीच्या दुकानातील तयार चित्रांचा तक्ता कापला जातो आणि अम्मी सुबक अक्षरात मथळा लिहिते. मूल तोवर झोपलेले असते. सकाळी वहीवर नाव मात्र त्याचे असते.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. प्रश्न केवळ गुणांचा असता तर या मासिकात त्यासाठी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु ‘हे मी केले’ असे मुलाकडून लिहवून घेणे ही साक्ष आहे, आणि ती खरी नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जे वाचले ते कोणी सांगितले आणि त्याला ते कसे कळले, हा प्रश्न त्या रात्री घरातील एकाही माणसाच्या मनात येत नाही. ज्या उम्मतने हा प्रश्न विचारण्याचे एक संपूर्ण शास्त्र उभे केले, तिच्या घरात तो येऊ नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना आज्ञा आहे की बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, एरवी अजाणतेपणी कोणावर अन्याय होईल आणि नंतर पस्तावावे लागेल. सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांबद्दल जाब विचारला जाईल. या शिकवणीवर वाढलेली माणसे कशी होती ते पाहा. ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांना कळले की प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस ह. अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांनी प्रत्यक्ष ऐकलेली आहे आणि ते शाममध्ये राहतात. ती हदीस त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोहोचली होतीच. तरीही त्यांनी उंट विकत घेतला, एक महिना प्रवास केला आणि ज्याने ऐकले त्याच्याच तोंडून ती ऐकली. ऐकण्याआधीच आपल्यापैकी एकाला मृत्यू गाठील, ही त्यांना भीती होती. ह. जैद बिन साबित (रजि.) स्वतः हाफिज होते. पण ह. अबू बक्र (रजि.) यांच्या आदेशाने कुरआन एकत्रित करताना ते केवळ आपल्या स्मरणावर विसंबले नाहीत. त्यांनी लेखी पुरावा मागितला, साक्षीदार मागितले.

मराठीत ‘सनद’ म्हणजे राजाने दिलेले अधिकारपत्र. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी: मला अमुकाने सांगितले, त्याला तमुकाने. दोन्ही अर्थ एका जागी येतात, कारण बोलण्याचा अधिकार त्या साखळीनेच मिळतो. प्रकल्पाच्या वहीत शेवटी ‘संदर्भ’ म्हणून जे पान असते (बहुधा तेथे ‘गूगल’ एवढा एकच शब्द लिहिलेला असतो) ते या सनदचेच पान आहे.

करून शिकण्याची ही पद्धत परकी आहे, असे समजणाऱ्यांनी वर्ध्याची आठवण ठेवावी. १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तेथे शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या आधारे मातृभाषेतून शिक्षण देण्याची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. मुलाचा हात कामात गुंतला की त्याची बुद्धी जागी होते, हे त्या योजनेचे सूत्र होते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. तिसरी-चौथीच्या मुलासाठी मी सुचवीन तो प्रकल्प वुजूच्या पाण्याचा आहे. मशिदीच्या किंवा घरच्या नळाखाली बादली ठेवावी, अब्बांनी नेहमीसारखा वुजू करावा आणि बादलीत किती पाणी जमले ते लिटरच्या बाटलीने मुलाने मोजावे. मग दादीच्या वुजूचे, मग आपल्या स्वतःच्या. आकडे वहीत उतरवावेत. प्रेषित (स.) एक ‘मुद्द’ पाण्यात वुजू करीत, असे सहीह हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे किती, हे मुलाने मोबाइलवर, मोठ्यांच्या सोबतीने, शोधावे. येथे एक गंमत होते. एक पान सांगते सुमारे पाऊण लिटर, दुसरे सांगते सुमारे एक लिटर. मूल गोंधळते. हा गोंधळ आईबापांनी घाईने मिटवू नये, कारण खरा प्रकल्प तेथूनच सुरू होतो.

दोन्ही पाने बरोबर आहेत. चार मुद्द म्हणजे एक ‘साअ’, आणि साअच्या मापाबद्दल इमामांत मतभेद आहे. इराकच्या मापाने तो आठ रत्ल, तर मदीनेच्या मापाने सव्वापाच रत्लहून किंचित जास्त. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी पहिले माप धरले, इमाम मालिक आणि इमाम शाफिई (रह.) यांनी दुसरे. म्हणून पुण्यातील हनफी घर आणि त्याचे कोकणातील शाफिई सोयरे यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. यापुढची हकीकत तर प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. इमाम अबू हनीफांचे शिष्य काझी अबू युसूफ (रह.) मदीनेस गेले आणि तेथील लोकांना त्यांनी विचारले, तुमचा साअ इतकाच असल्याचा पुरावा काय? लोक म्हणाले, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी मुहाजिर आणि अन्सार यांच्या वंशातील पन्नासएक वृद्ध आपापल्या घरचे माप चादरीखाली घेऊन आले. हे माप माझ्या वडिलांकडून आले, त्यांना त्यांच्या वडिलांकडून, असे प्रत्येकाने सांगितले. अबू युसूफांनी ती सारी मापे ताडून पाहिली, ती सारखी भरली, आणि या प्रश्नात त्यांनी आपल्या उस्तादांचे मत सोडून मदीनेचे माप स्वीकारले. प्रश्न विचारणे, मोजणे, साक्ष घेणे आणि पुरावा मिळाला की मत बदलणे, या सर्व गोष्टी त्या एका हकीकतीत आहेत. बादलीतील पाणी मोजणारे मूल त्याच वाटेवर पहिले पाऊल टाकते. खडकवासल्याच्या चार धरणांतील साठ्याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. ते त्याच वहीत चिकटवले की गणित आणि परिसर अभ्यास दोन्ही झाले.

परंतु पुण्याच्या मुस्लिम मुलांकडे सर्वाधिक येणारा विषय दुसराच आहे, आणि त्यावर थांबून बोलणे आवश्यक आहे. जानेवारी आला की फातिमा शेख यांच्यावर प्रकल्प होतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, ९ जानेवारीला फातिमा शेख यांची. मोबाइलवर मजकूर ओसंडून वाहतो: जन्म ९ जानेवारी १८३१, भारताच्या पहिल्या मुस्लिम शिक्षिका, भाऊ उस्मान शेख, ज्यांनी घराबाहेर पडावे लागलेल्या फुले दांपत्याला गंज पेठेत आसरा दिला. २०२२ साली ९ जानेवारीला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हापासून तर ही तारीख दगडावर कोरल्यासारखी झाली.

मग २०२५ चा जानेवारी आला. एका प्रसिद्ध पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी स्त्री झालीच नाही. आपल्या घरांत त्या आठवड्यात संताप होता. परंतु संतापाने काय सिद्ध होते? ज्या मुलाने वर्षभरापूर्वी त्यांच्यावर प्रकल्प केला होता, त्याच्या हाती उत्तर होते काय? वहीत छापील परिच्छेद होता, पण तो कोठून आला हे लिहिलेले नव्हते.

उत्तर अभ्यासकांनी दिले, आणि ते कागदावर आधारलेले होते. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी आजारपणात माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमेचा उल्लेख आहे. आपल्या अनुपस्थितीत कामाचा भार तिच्यावर पडत असेल, तरी ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात हे पत्र छापलेले आहे, आणि तो ग्रंथ १९८८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. समाजमाध्यमे जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. सावित्रीबाईंसोबत फातिमा दिसतात असे ज्याविषयी सांगितले जाते ते जुने छायाचित्रही आहे.

आता तहकीकचा कठीण भाग. ते पत्र फातिमेची साक्ष देते, जन्मतारखेची देत नाही. त्यात ‘शेख’ हे आडनाव नाही, ‘पहिली मुस्लिम शिक्षिका’ ही पदवी नाही. ९ जानेवारी या तारखेला समकालीन आधार नाही, असे इतिहासाचे अभ्यासकच सांगतात. हे ऐकून काही जण नाराज होतील, मला ठाऊक आहे. आपल्या हातून एक गौरव काढून घेतला जात आहे, असे त्यांना वाटेल. मला नेमके उलटे वाटते. जे पक्के आहे त्याच्या शेजारी आपण कच्चे रचून ठेवतो, आणि कोणी कच्चे ढकलले की पक्केही त्यासोबत कोसळल्यासारखे दिसते. हदीसच्या आलिमांनी सहीह, हसन, जईफ अशा पायऱ्या केल्या त्या याचसाठी. जईफ म्हणजे खोटे नव्हे. तिची पायरी वेगळी, एवढेच.

तेव्हा चौथीच्या मुलाने वहीचे तीन भाग करावेत. पहिल्यात ‘लेखी पुरावा आहे’ असे: १८५६ चे पत्र, ते कोणत्या ग्रंथात आहे, तो कोणी छापला. दुसऱ्यात ‘सांगितले जाते’ असे: उस्मान शेख यांचे घर, शिक्षिकेचे प्रशिक्षण. तिसऱ्यात ‘मला पडलेले प्रश्न’. तिसरा भाग जितका लांब, तितके गुण जास्त द्यावेत, अशी शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलाला गंज पेठेतील फुले वाड्यात न्यावे. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपती मंदिरासमोर, १८४८ ची मुलींची शाळा जेथे भरली त्या भिडे वाड्याची जागाही दाखवावी. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. वाड्याचा जुना फोटो मोबाइलवर शोधून, त्याच जागी उभे राहून, दोन्ही ताडून पाहणे हा मोबाइलचा उत्तम उपयोग आहे.

याच फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. तिने कोणाचा परिच्छेद उतरवला नव्हता. जे डोळ्यांनी पाहिले, अंगावर सोसले, तेच लिहिले. पुण्यातील विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा तो फार जुना आणि फार मोठा नमुना आहे.

साधनांविषयी थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, ते मोबाइलने टिपले की दीक्षा अॅपवरील पूरक साहित्य उघडते. मराठी विश्वकोश आंतरजालावर मोफत वाचता येतो. सुरुवात तेथून करावी. विकिपीडियावर लेखाच्या तळाशी संदर्भ असतात, तेथवर बोट नेण्याची सवय मुलाला लावावी. चॅट-जीपीटीसारखी यंत्रे सफाईने उत्तर देतात, मात्र कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही तितक्याच सफाईने सांगतात. त्या यंत्राला प्रश्न विचारणे हराम नाही. त्याने सांगितलेले पुस्तक प्रत्यक्षात आहे काय, हे पाहण्याआधी ते वहीत लिहू नये. लहान मुलाच्या हाती मोबाइल एकट्याने देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

आणि मोबाइलचे एक साधन आपण विसरतोच, ते म्हणजे आवाज टिपणे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवशी सहा-सात वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरी ओलांडलेली दादी किंवा नानी आहे. मुलाने तिच्याजवळ बसावे, मोबाइल मध्ये ठेवावा आणि विचारावे: दादीजान, पाणी कोठवर आले होते? तुम्ही स्वतः पाहिले की कोणी सांगितले? कोण कोणाच्या घरी राहिले? मग तारीख आणि दादीचे नाव वहीत लिहावे. या विषयाला पुढच्या सत्राची वाट पाहू नये, या रविवारीच बसावे.