तरवड आणि त्याचा विषारी भाऊबंद

भाद्रपद अमावास्येला सुलतान बाजारच्या रस्त्याकडेला पिवळ्या फुलांच्या मोळ्या येऊन पडतात. तेलुगू भगिनींचा हा ‘तंगेडू’. त्याच्यावाचून बतुकम्मा रचली जात नाही. आपल्याकडे हाच तरवड घटावरच्या माळेत गुंफतात. एकाच झुडपाची फुले दोन भाषांच्या देवी त्याच पंधरवड्यात स्वीकारतात, याचे आम्हां हैदराबादी मराठी मंडळींना नवल वाटत नाही. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि त्याच वर्षी तंगेडूला राज्यपुष्पाचा मान मिळाला.

संस्कृतात ही आवर्तकी. वनस्पतिशास्त्रात सेन्ना ऑरिक्युलाटा, पूर्वीचे नाव कॅशिया. ‘ऑरिक्युला’ म्हणजे इवला कान. पानाच्या देठाशी मूत्रपिंडाच्या आकाराची मोठी उपपर्णे असतात, त्यांवरून हे नाव पडले. माळरानावर, खडकाळ जमिनीत, पाण्यावाचून ते तग धरते. सालीत टॅनिन विपुल असल्याने दख्खनच्या चर्मकारांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर कातडी कमावली.

सिद्धवैद्यकातील ‘आवारै कुडिनीर’ हा मधुमेहावरील काढा याच झुडपाचा. फुलांचा चहा आज अनेक घरांत घेतला जातो. उंदरांवरील प्रयोगांत रक्तशर्करा उतरल्याचे दिसले आहे. मात्र तेवढ्यावर रुग्णाच्या गोळ्या बंद करणे धाडसाचे ठरेल. शिवाय २००४ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील प्रयोगात या चहामुळे उंदरांच्या रक्तातील कार्बामाझेपिनची पातळी वाढलेली आढळली. अपस्माराच्या रुग्णाला म्हणूनच चहाविषयीही विचारावे.

खरी चिंता मात्र तरवडाची नसून त्याच्या भाऊबंदाची, कासविंद्याची, आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात बालकांचा जो जीवघेणा आजार वर्षानुवर्षे विषाणूजन्य मेंदूज्वर समजला गेला, त्याचे मूळ खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगांत असल्याचे बिजनोरच्या संशोधकांनी २००७च्या सुमारास दाखवून दिले. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर आघात होतो. ताप बहुधा नसतो किंवा अल्प असतो. ओडिशातील मलकानगिरीत २०१६ साली झालेल्या बालमृत्यूंच्या चौकशीतही याच झाडाकडे बोट दाखवले गेले. यावर उतारा नाही. उपचार केवळ आधारभूत.

दोघांची फुले पिवळीच, पण ओळख अवघड नाही. तरवडाच्या पर्णिका लहान, बोथट, आठ ते बारा जोड्यांच्या; शेंग चपटी, कागदासारखी. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्यांच्याच, आणि पान चुरडले की उग्र दर्प येतो. बेशुद्ध बालक दवाखान्यात आणले गेले, तर ते खेळत होते तिथली एक डहाळी नातेवाइकांकडून मागवून घ्यावी.