कोळशांचे दोन विस्तव आणि चिलापी

आजचे वाचन : योहान २१:१-१४ (सोबत योहान १८:१५-२७ वाचावे)



हा भाग वाचला की मला तळलेल्या मासळीचा वास येतो. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या मंडळीतल्या बत्तीस जणांबरोबर मी पवित्र भूमीच्या सहलीला गेलो होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटलं, त्यामुळे आता ते दिवस आठवले की उपकार मानावेसे वाटतात. अम्मान, नबो डोंगर, बेथलेहेम, यरुशलेम सगळं पाहिलं. फलाफल आणि हम्मस पहिले दोन दिवस कौतुकाने खाल्लं, तिसऱ्या दिवशी काकूंच्या बॅगेतून लसणाची चटणी निघाली. मग जेवणाच्या टेबलावर पाळकसाहेबांपेक्षा चटणीच्या डब्याला जास्त मान!

गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचा तलाव. लांबी साधारण २१ किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली. त्याच्या उत्तर काठावर ताबघा आहे. तिथे १९३३ साली बांधलेलं फ्रान्सिस्कन लोकांचं छोटं दगडी चर्च आहे, आणि चर्चच्या आत एक मोठा खडक. परंपरा अशी की याच खडकावर प्रभूने शिष्यांना न्याहारी दिली. खडक तोच की दुसरा, यावर मी वाद घालणार नाही. काठ तर तोच आहे.

काठावरच्या गोट्यांवर बसून पाळकसाहेबांनी योहान २१ वाचला आणि विचारलं, "योहानाने कोळशांचा विस्तव असं मुद्दाम का लिहिलं? नुसता विस्तव का नाही?" आम्ही गप्प. मग त्यांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये यासाठी अँथ्राकिया हा शब्द आहे आणि अख्ख्या नव्या करारात तो दोनच वेळा येतो. एकदा इथे, आणि एकदा योहान १८:१८ मध्ये. तिथे महायाजकाच्या अंगणात, थंडीत शेकत उभा राहून पेत्राने प्रभूला नाकारलं होतं. म्हणजे पेत्र भिजलेल्या कपड्यांनी किनाऱ्यावर आला तेव्हा मासळीच्या आधी कदाचित त्याला धूरच जाणवला असेल. तोच धूर.

मला एकदम आमच्या ऑफिसचं कँटीन आठवलं.

आदल्या वर्षी उपवासकाळातला एक शुक्रवार. टीममधल्या एकाचा वाढदिवस, बिर्याणी मागवलेली. मी खात नाही म्हटल्यावर कारण विचारलं. मी म्हणालो, "ॲसिडिटी झालीय." शेजारचा मित्र सहज म्हणाला, "तुझं काही कळत नाही रे. आडनावावरूनही कळत नाही. तुम्ही नक्की कोण?" मी म्हणालो, "आम्ही मूळचे नगरचे." खोटं काहीच नाही. आणि तरीही...

मत्तय २६:७३ मध्ये पेत्राची बोलीच त्याला उघडं पाडते. गालीलकराची बोली लपत नाही. माझं उलटं झालं. माझी मराठी, माझं आडनाव, यांच्याआड मी आरामात लपलो. पेत्राला निदान मरणाची भीती होती. मला कशाची होती? कुणी मारणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. फक्त "अच्छा, म्हणजे तुम्ही कन्व्हर्टेड का?" हा प्रश्न टाळायचा होता.

दुपारी तलावाकाठच्या हॉटेलात जेवण होतं. ताटात डोक्यासकट अख्खा तळलेला मासा, सोबत लिंबू. पर्यटक याला सेंट पीटर्स फिश म्हणतात, अरबीत मुश्त. आमच्या काकूंनी त्याला उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर चिलापी!" खरंच तिलापिया होता. आपल्या बाजारातल्या चिलापीचा भाऊबंद. (आपल्याकडे ही मासळी १९५२ मध्ये बाहेरून आणून सोडली.) ही जात अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून मत्तय १७:२७ मधल्या तोंडात नाणं असलेल्या माशाशी लोकांनी तिचं नातं जोडलं. इतके पैसे भरून चिलापी खायला आलो म्हणून सगळे हसत होते. मी मात्र कँटीनचा किस्सा काकूंना सांगून टाकला.

त्या काटे काढत ऐकत होत्या. म्हणाल्या, "प्रभूने त्याला आधी जेवू घातलं, बघ. विचारलं नंतर." आणि माझ्या ताटात चटणी वाढली.

खरंच, आजच्या चौदा ओव्यांत पेत्राला एकही बोल लागत नाही. जाळ्यात १५३ मासे आहेत, तरी प्रभूची मासळी आधीच निखाऱ्यांवर आहे, भाकरही तयार आहे. प्रभू त्यांना स्वतःची थोडी मासळी आणायलाही सांगतो. ज्याने नाकारलं त्याचीही मासळी त्या न्याहारीत चालते.

परत आल्यावर सोमवारी दिंडोशीहून निघताना यरीहोच्या खजुरांचा डबा बॅगेत टाकला. कँटीनमध्ये उघडला. तोच मित्र. "मस्त आहेत रे, कुठले?"

"यरीहोचे."

"ते कुठे आलं? आणि तू तिकडे कशाला गेला होतास?"

छातीत धडधडत होतं, हे कबूल करतो. मग सांगितलं. माझ्या पणजोबांपासून सांगितलं, प्रभूविषयी सांगितलं, काठावरच्या न्याहारीविषयीही. तो ऐकत होता. दुसरा खजूर उचलत त्याने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी ॲसिडिटी नव्हतीच?"

"नव्हती," मी म्हणालो.

उद्याचे वाचन : योहान २१:१५-१९