मेळा शनिवारी, दवाखाना सोमवारी

सोमवारी सकाळी दवाखान्याचे दार उघडले, तेव्हा बाकावर एक आजी सहा वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी आई-वडील उभे. मुलाचे डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, मान आजींच्या खांद्यावर टाकलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. काल दुपारपासून लघवी झालेली नाही, असे आईने सांगितले.

शनिवारी संध्याकाळी सारे कुटुंब पटांगणावरच्या खाऊमेळ्याला गेले होते. आकाशपाळणा झाला, जादूचे प्रयोग झाले. मोठ्यांनी तव्यावरचा गरम डोसा खाल्ला. मुलाने पाणीपुरी खाल्ली आणि त्यावर बर्फाचा गोळा. रविवारी पहाटे उलट्या आणि पाठोपाठ जुलाब सुरू झाले.

"पाणी किती दिलंत?" मी विचारले.

"पाणी कसलं देता डॉक्टर! घोटभर दिलं की उलटून पडतंय. मीच म्हटलं, पोटाला जरा विसावा द्या," आजी म्हणाल्या.

मुलाला रुग्णालयात दाखल करून सलाइन लावावे लागले. दोन दिवसांत तो खेळू लागला, हे त्याचे नशीब. आजींनी जे केले ते मायेपोटीच केले. पण हाच गैरसमज घरोघरी आहे, म्हणून आजचा हा लेख.

बिघडते कुठे?

मेळ्यातले सगळेच पदार्थ वाईट नसतात. प्रश्न असतो तो पाण्याचा, हातांचा आणि वेळेचा. शिजवलेला पदार्थ ना धड गरम, ना धड थंड असा पडून राहिला की जंतूंना आयते घर मिळते. अनुकूल हवेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक! काही जंतू अन्नात विष सोडतात. अन्न पुन्हा गरम केले तर जंतू मरतात, पण हे विष तसेच राहते. असे अन्न पोटात गेले की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. इतर जंतूंचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसतो.

बर्फाची गोष्ट आणखी निराळी. मासे, फळे थंड ठेवण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही. तो ओळखू यावा म्हणून अशा बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला. पण किसून त्यावर लाल-काळे सरबत ओतल्यावर मूळ बर्फ कोणता, हे कोण ओळखणार? शिवाय गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत.

काय खावे, काय टाळावे

डोळ्यांदेखत तव्यावर किंवा कढईत तयार झालेले, वाफाळते असेल ते खावे. केळ्यासारखे आपण सोलून खायचे फळ चांगले. पाणीपुरीचे पाणी, पातळ ओल्या चटण्या, उघडी कापून ठेवलेली फळे, बर्फ घातलेला रस आणि गोळा हे मुलांना देऊ नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

पहिला जुलाब होताच

इतके करूनही पोट बिघडू शकते. तेव्हा लक्षात ठेवा, जुलाबात जीव जातो तो बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. आतड्याला विसावा नको, पाणी हवे! साखरेसोबत मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात शोषले जाते आणि हे काम जुलाब चालू असतानाही चालते. जलसंजीवनीचे सारे मर्म एवढेच.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. शंभरात तीसच्या आसपास मृत्यू होत होते, ते चारच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

औषधाच्या दुकानात मिळणारे जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. पाकीट नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. अंदाजाने घालू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो आणि साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. घटाघट पाजले की उलटते, चमच्याने दिलेले बहुधा टिकते. अंगावरचे दूध बंद करू नये. मऊ भात, वरण, केळे चालू ठेवावे. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत. जस्ताची गोळी चौदा दिवस देतात, तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

दवाखाना केव्हा?

मूल सुस्त पडले, पाणी पिईना, प्रत्येक घोट उलटू लागला, सहा तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले किंवा ताप चढला, तर सोमवारची वाट पाहू नये. रात्र असली तरी न्यावे आणि वाटेतही चमच्याने पाजत राहावे.

त्या आजी परवा पुन्हा आल्या होत्या, स्वतःच्या गुडघ्यासाठी. जाताना म्हणाल्या, "डॉक्टर, आता डब्यात पाकीट ठेवलंय हं."

वाचकहो, मेळ्याला जरूर जा, मुलांना पाळण्यात बसवा. मात्र निघण्यापूर्वी पाण्याची बाटली भरा आणि घरात जलसंजीवनीची दोन पाकिटे आहेत ना, हे बघा.